पंक्तिप्रपंच

—अगं नाही, तिथं नको ठेवूस तो फोन, तिथं गौरक्काची शेळी खिडकीतून तोंड घालते, मग तुझ्या सरांना माझ्याऐवजी शेळीचंच म्हणणं ऐकावं लागेल. इकडे ठेव, या उखळावर. हां. सुरू झालाय? लाल टिंब दिसतंय खरं. थांब, पदर नीट करू दे — काय? नुसता आवाज? फोटो नाही? मग मघाशीच सांगायचंस की गं बाई, उगाच मी ट्रंकेतली साडी काढली, डांबराच्या गोळ्यांचा वास मारतोय नुसता. बरं झालं आज अळ्या नाहीत घरात, नाहीतर या वासानंच निम्म्या गार झाल्या असत्या. — हो, हो, सांगते. मी चेन्नाजम्मा, निंगेगौडांची बायको, मुक्काम होसदोड्डी. वय? वय कशाला हवंय तुझ्या सरांना? अळ्यांचं वय दिलंय ना मी रोजच्या रोज, तेवढं पुरे त्यांना.

तर तुझ्या सरांचं म्हणणं असं, की रेशमाच्या अळ्यांवरचा हा जो प्रयोग माझ्या घरी झाला तो मी माझ्या तोंडानं सांगायचा, आणि चैत्रानं, म्हणजे तू, मध्ये बोलायचं नाही. छान आहे. मग तू आपली कॉफी पी. साखर कमी असेल तर मान हलव, मान हलवलेली काही फोनला ऐकू जात नाही. आणि जेवून जायचं आहे, आधीच सांगते, नाचणीचे उंडे केलेत, वरण आहे, चारची बस चुकली तर सहाची आहे, सहाची चुकली तर — बरं, बरं. प्रयोग. सांगते ना. सांगायला माझ्याकडे दुसरं आहे काय.

सगळ्यात आधी प्रश्न. तूच शिकवलंस — अव्वा, आधी प्रश्न, प्रश्नच नसला तर तो प्रयोग नव्हे, नुसता खटाटोप. तर प्रश्न असा, की ही जी नवी भुकटी निघालीये ती अळ्यांवर मारली तर अळ्या कमी मरतात का? एवढाच. भुकटी चांगली का, महाग का, हे नाही विचारायचं, एका वेळी एकच. कारण मागच्या पिकाला आमच्या गावात दुधाचा रोग आला होता — अळी सुजते, कातडी ताणून चकचकायला लागते, आणि फुटली की आतनं दुधासारखं पाणी — काय सांगू तुला, सकाळी उठून बघावं तर परड्यांच्या कडांवर नुसत्या लोंबतायत. टोपल्या भरभरून पुरल्या मी. एकटीनं. गौरक्का भिंतीपलीकडून विचारत होती, किती गं गेल्या तुझ्या, आणि मी सांगत होते, फार नाही. तिला कशाला सांगू?

मग प्रयोग कुणावर करायचा? मी म्हटलं, कुणावर म्हणजे, अळ्यांवर. तर तू म्हणालीस, चूक. अळीवर नाही, परडीवर. कारण एका परडीत एकीला रोग लागला की तो शेजारणीला लागणारच, त्या काही वेगवेगळ्या नाहीत, एकाच घरातल्या आहेत — म्हणून मोजताना एक परडी म्हणजे एक. हे मला लगेच पटलं. माणसांचंही तसंच असतं, आम्ही नाही का म्हणत, ते घरच तसलं. — बरोबर सांगतेय ना? मान तर हलव. हां.

आणि मग ती गंमत. निम्म्या परड्यांवर नवी भुकटी मारायची, निम्म्यांवर आमचा नेहमीचा चुना, तो आम्ही आजीच्या काळापासून मारतो. पण कुठल्या परड्यांना नवी, कुठल्यांना चुना? मी म्हटलं, त्यात काय, मी बघते ना, ज्या जरा मरतुकड्या दिसतात त्यांना नवी देऊ, बिचाऱ्यांना. केवढी हसलीस तू! मला आधी रागच आला. कॉलेजातली पोर, माझ्याच घरात बसून मला हसते. मग तू सांगितलंस, अव्वा, असं करून चालत नाही, तुझं मन मध्ये येता कामा नये, माझंही नाही. चिठ्ठ्या टाकायच्या. मग आपण दोघींनी या लोट्यात चिठ्ठ्या टाकल्या, आणि डोळे मिटून मी एकेक काढत गेले नि तू परडीला लाल दोरा बांधत गेलीस. लाल दोरा ती भुकटीवाली. बिनदोऱ्याची ती साधी. माझी सगळ्यात गुटगुटीत परडी होती ना, खिडकीजवळची, तिला दोरा निघाला, आणि ती कोपऱ्यातली रडवी, तिला काही नाही. मी म्हटलं, हे तर उलटंच झालं. तू म्हणालीस, चिठ्ठीला उलटं-सुलटं नसतं. असं बोलतेस तू कधीकधी, घरी गेल्यावरही माझ्या डोक्यात राहतं ते — घरी म्हणजे, मी घरीच असते म्हणा, तू गेल्यावर.

बाकी सगळं सारखं. हे सरांना नीट सांगते, यात माझ्याकडून कसूर नाही. तुतीचा पाला एकाच मळ्यातला, एकाच वेळी तोडलेला. खोली एकच. मांडणीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून, त्या सगळ्यांच्या सारख्या भरलेल्या. वरच्या फळीवर उकाडा जास्त, म्हणून परड्यांच्या जागा रोज फिरवायच्या, त्याही फिरवल्या. आत शिरताना पाय धुवायचे, हात धुवायचे, ते मी तुझ्या जन्माच्या आधीपासून करतेय. बदलायची एकच गोष्ट, भुकटी. आणि मोजायचं काय? सकाळी प्रत्येक परडीतल्या मेलेल्या वेचून डबीत ठेवायच्या, ती डबी तू दिवसाआड येऊन न्यायचीस, आणि शेवटी कोषांचं वजन. आमच्याकडे अळी कात टाकायला निपचित पडली की तिला ताप आला म्हणतात — चार ताप काढले की ती पिकते, मग चंद्रिकेवर, त्या बांबूच्या चटईवर, चढवायची, मग ती कोष विणते, मग सगळं गप. झाला प्रयोग. बघ, एक तरी राहिलं का? प्रश्न, परड्या, चिठ्ठी, भुकटी, बाकीचं सारखं, आणि मोजणं. तुझ्या वर्गातल्या पोरांना तरी येतं का एवढं? — हसलीस. मला वाटलं, आज हसायचीच नाहीस.

मघापासून बघतेय ना मी. कोष तोलून झाल्यापासून तोंड उतरलंय तुझं. का गं? दोन्हीकडचे सारखे भरले, चांगलंच झालं की! दोऱ्याच्याही छान, बिनदोऱ्याच्याही छान, कुणी मेलं नाही, रोग नाही, एवढं चांगलं पीक मी कितीतरी वर्षांत काढलं नव्हतं. आणि तू अशी बसलीयस, जसं काही कुणी गेलंय घरातलं. मला कळतं गं, तुला फरक हवा होता. एकीकडे मरायला हव्या होत्या. बाप रे, कसं वाटतं ऐकायला! पण नाही पडला फरक तर नाही पडला, त्यात काय एवढं? परत करू. तूच म्हणाली होतीस ना — फरक स्पष्ट दिसला नाही तर अव्वा, पुढच्या पिकाला परत सगळं पहिल्यापासून करावं लागेल. मी तर म्हणते करूच. नव्या अळ्यांची अंडी कधी सांगायची? मी परवा जाऊन सांगून येते. लोटा धुऊन ठेवते.

ते असू दे, उंडा तरी खा. — नको? बरं. तुला एक सांगू? हे तू बंद केलंस तरी चालेल, नको, राहू दे, चालू दे, सरांनाही कळू दे. अळ्या घरात असल्या की आमच्याकडे पाहुणा चालत नाही. वास चालत नाही, दृष्ट चालत नाही, फोडणीचा ठसका चालत नाही. दारावर कडुलिंबाचा डहाळा लावला की लोक उंबऱ्याबाहेरनंच बोलून जातात. आधी बरं वाटायचं, म्हटलं चला, कटकट नाही. हे होते तेव्हा. हे गेले, मग लेकीचं, हेमाचं लग्न झालं, ती गेली बंगळूरला. कपड्याच्या कारखान्यात आहे ती, साहेबीण झालीये, पावडर लावते, अंगाला सेंट मारते. दर रविवारी फोन करते. करते हो, तसं मी म्हणणार नाही. अव्वा, जेवलीस का, अव्वा, गोळी घेतलीस का. मी म्हणते, ये की एकदा. ती म्हणते, तुझ्याकडे अळ्या असतील गं, माझा सेंट चालत नाही, तुझं पीक निघालं की येते. मग पीक निघतं. मग तिची सुट्टी नसते. मग तिला सुट्टी असते तोवर माझ्याकडे दुसऱ्या अळ्या आलेल्या असतात. मी म्हटलं होतं तिला, एक पीक घेतच नाही, ये. घेतलं नाही. महिनाभर रिकाम्या परड्या बघत बसले. तेव्हा तिच्या सासूचं काहीतरी निघालं. — हे बघ, तिला दोष देऊ नकोस. नाही, तू काही बोललीच नाहीस, मीच आपली. पण अळ्या असल्या की निदान आवाज तरी असतो घरात. पाला खातानाचा. तू ऐकलायस ना, चौथा ताप झाल्यावर कसा सरसर सरसर रात्रंदिवस? आज ऐक. काही आहे? कोष विणून झाले की मला दोन दिवस झोप लागत नाही.

आणि तू आलीस. दृष्ट नाही, वास नाही, काही नाही, पाय धुऊन सरळ आत. सरकारी कागद दाखवलास, म्हटलं कागदापुढे डहाळ्याचं काय चालणार. गौरक्का म्हणाली मला, काय गं चेन्नाजम्मा, कॉलेजची पाहुणी येते म्हणे तुझ्याकडे दिवसाआड, तिला अळ्या आवडतात की तुझी कॉफी? मी म्हटलं, तिला माझ्याशी काम आहे. तुझ्याकडे येतं का कुणी कामाचं? तुझ्याकडे नुसती खायला येतात. — असं म्हणायला नको होतं, माहितीय. पण जीभ आहे माझी, काय करू.

तुझा तो प्रयोग ऐकल्यापासून मला नादच लागलाय बघ. जे दिसेल त्यात शोधायचं, काय बदललं, काय सारखं. आता मी नि गौरक्का. दोघींची लग्नं एका मांडवात, दोघी सख्ख्या जावा, घर एकच होतं, मधे भिंत घातली एवढंच. तुती तीच, विहीर तीच, सासू तीच, तिचा मार तोच. तिच्याकडे बघ, दोन सुना, नातवंडं, जावई जागेवरून हलत नाही, बसायला जमीन पुरत नाही म्हणून ओट्यावर जेवतात. आणि भिंतीच्या या बाजूला मी. मग बदललं काय? कुठली भुकटी तिच्यावर पडली नि माझ्यावर नाही? तुला विचारलं होतं मी हे, आठवतं? तिसऱ्या तापाच्या वेळी. तू म्हणालीस, अव्वा, एकेका परडीवरून काहीच सांगता येत नाही. नुसतं असंच झालं असेल. चिठ्ठी निघते तशी. — तुला काय वाटलं असेल कोण जाणे, पण मला केवढं हलकं वाटलं त्या दिवशी! कारण गावात सगळे म्हणतात ना, हिचं तोंडच वाईट, म्हणून लेक येत नाही. मलाही वाटायचं, असेल. तू पहिलीच, जी म्हणाली की कुणाचाच दोष नसेलही. त्या रात्री मी पोटभर जेवले.

— तो डबा कशाला उचललास? ठेव. रिकामाच आहे तो. भुकटीचाच आहे, हो. संपली. संपणारच ना, मारायची वस्तू आहे ती. — उरायला हवी होती? किती? निम्मी? छे, निम्मी कशी उरेल. तू जास्तच दिली होतीस खरी, सांडली-लवंडली तर असू दे म्हणून, ते आठवतंय मला. मग सांडली थोडी. दमट हवा, गोळे झाले, ते टाकले. आणि उंदीर — नाही, उंदीर भुकटी खात नाहीत, ते मलाही कळतं. असं बघू नकोस गं माझ्याकडे. तू असं बघितलंस की मला आमच्या सासूची आठवण येते.

मारली. साध्या परड्यांवरही मारली. झालं समाधान?

आता ऐकून तर घे. तुला काय वाटतं, मला कळत नव्हतं? सगळं कळत होतं. पण तू कधी पंगतीत वाढलंयस का? रांगेनं माणसं बसलीयत, आणि तू तुपाचं भांडं घेऊन निघालीयस, आणि एकाला तूप, दुसऱ्याच्या पानावरून हात तसाच पुढे, तिसऱ्याला तूप — करशील असं? हात सडेल! याला पंक्तिप्रपंच म्हणतात, याच्यासारखं पाप नाही. सकाळ-संध्याकाळ मी त्या खोलीत, दोऱ्याच्या परडीवर भुकटी भुरभुरायची नि बिनदोऱ्याच्या परडीला चुना दाखवायचा. त्या माना वर करून बघतात गं. माना वर करतात त्या, ताप यायच्या आधी, समोरचा अर्धा भाग वर उचलून तशाच राहतात, तू पाहिलंयस. ती कोपऱ्यातली रडवी परडी, तिच्याकडे मला बघवेना. मग एका संध्याकाळी म्हटलं, मरू दे तो प्रयोग, आणि सगळ्यांना सारखं वाढलं. बास. एवढंच. आईचा हात आहे, तराजूच्या काट्यावर नाही चालत तो. रोग दिसायला लागला होता ना साध्यांत, मग मी काय बघत बसू? फुगायला लागल्या होत्या.

— किती म्हणजे? असतील दोन-चार. — डबी? हो, मेलेल्यांची डबी तूच नेलीस. — हं. बरोबर. रिकामी होती. म्हणजे मेल्या नव्हत्या अजून, फुगल्या होत्या फक्त, मला वाटलं फुगल्यात, दिव्याच्या उजेडात तसं — कोणत्या दिवशी? दिवस कसा आठवणार मला. चौथा ताप यायचा होता. तू येऊन गेली होतीस. तू गेल्यावरच. त्याच संध्याकाळी.

त्याच संध्याकाळी, हो. तू म्हणाली होतीस ते, दारात चपला घालताना. मी विचारलं, आता हे पीक झालं की संपलं का? आणि तू म्हणालीस, फरक नीट दिसला तर संपलं अव्वा, मग मी लिहायला बसणार. नाही दिसला तर परत करावं लागेल. आणि गेलीस. वळणावरून हात केलास. मग मी आत आले आणि — नव्हती. एकही अळी फुगलेली नव्हती. एकही नाही. सगळ्या ठणठणीत होत्या, गुमान पाला खात होत्या. मी डबा उघडला, आणि साध्या परड्यांपासूनच सुरुवात केली. मनात म्हणत होते, पंक्तिप्रपंच नको, पंक्तिप्रपंच नको. खोटं नाही ते. पण तेवढंच खरं नाही. मला बघायचं होतं, दोन्हीकडचं सारखं झालं की तू येतेस का परत. माझाही प्रश्नच होता की तो. चिठ्ठी काही टाकली नाही मी, माझंच मन मध्ये आलं, आणि मोजायचं एवढंच, की आली का नाही आली.

बंद केलास फोन? बरं केलंस.

रडू नकोस. अगं, रडू नकोस गं, मला रडणारं माणूस सांभाळता येत नाही. कॉफी गार झाली, थांब, दुसरी — नको. बरं. काय होईल आता, ते तरी सांग. माझ्या घरचे आकडे काढून टाकतील? टाकू देत. बाकीच्या घरांचे आहेत ना? — कमी पडतात. मग? — पुढच्या पिकापर्यंत थांबावं लागेल. आणि काय? नोकरी? तिच्यासाठी हे लिहून झाल्याचा कागद लागणार होता? मग ती थांबते का? — नाही थांबत. अच्छा. तू बोलली नव्हतीस हे मला. मी कधी विचारलंच नाही म्हणा. एवढ्या वेळा आलीस, एवढी कॉफी पाजली, सगळं माझंच सांगत बसले, आणि तुझं काय आहे, तुझी आई काय म्हणते, तुला नोकरी कुठे हवीये, एकदाही विचारलं नाही. माझं तोंड वाईट आहे म्हणतात ना, कान त्याहून वाईट आहेत.

मग परत कर ना. ऐक, परत कर, इथेच. मी आता हात लावणार नाही. शप्पथ. डबा तुझ्याकडे ठेव, कुलूप लाव, हवं तर तूच येऊन मारत जा. साध्या परड्यांकडे मी बघणारसुद्धा नाही. त्यांना रोग आला तर येऊ दे, फुगू देत, फुटू देत, सगळ्या मेल्या तरी मी पुरून टाकीन आणि तुला बरोबर किती ते सांगेन. एक चिमूट टाकणार नाही मी. मरू देत. ऐकतेस ना? मरू देत त्या. — डोकं का हलवतेस? — सर दुसरं गाव घेतील. हो. बरोबर आहे. ज्या घरात एकदा ढवळाढवळ झाली ते घर कोण परत घेईल, मीसुद्धा घेतलं नसतं. तुझे सर शहाणे आहेत. सांग त्यांना, बाई चांगली होती, पण — नको. काही सांगू नकोस. सांग, अळ्या चांगल्या होत्या.

— काय म्हणालीस?

नाही. असं म्हणू नकोस. काम नसलं तरी मी येईन अव्वा, नुसती भेटायला येईन — अजिबात म्हणू नकोस असं. चैत्रा, तू चांगली पोर आहेस, तुझ्या मनात आत्ता खरंच आहे ते, मला दिसतंय. हेमाच्याही असतं, दर रविवारी असतं. कामाला येणारं माणूस येतं गं. त्याला यावंच लागतं, परड्या बघायच्या असतात, डबी न्यायची असते, नाही आलं तर त्याचंच नुकसान. नुसतं यायचं म्हटलेलं माणूस कधी येणार? पुढच्या आठवड्यात. मग त्याच्या पुढच्या. मग सण होतो. आणि मी दारावर डहाळा लावायचा का नाही, एवढंच ठरवत बसणार. तू कामाला येतेस म्हणाली असतीस तर मी दिवसाआड कॉफीचं आधण ठेवलं असतं, नाही आलीस तर चार शिव्या घालून तीच कॉफी मी प्यायले असते. पण नुसतं येते म्हणालीस ना, तर मला रोज ठेवावं लागेल. मला नाही होणार ते आता. कबूल कर, येत नाही म्हण. म्हण ना. येत नाही, अव्वा. — म्हणवत नाही का? मग काहीच म्हणू नकोस.

ऊठ. साडेतीन झाले. वळणाच्या चढावर धाप लागते तुला. हे घे, उंडे बांधलेत पानात, बसमध्ये खा, आणि तुझ्या आईनं विचारलं तर सांग, एका बाईनं दिले. फोन घेतलास? घे उखळावरचा. सांभाळून, उंबऱ्याला ठेच लागेल.

आणि हे बघ, वळणावर पोचलीस की मागे वळून हात-बित करायचा नाही. मी दारात उभी राहणार नाहीये. मला परड्या धुवायच्यात.